अस्तरचा सातवा अंक

"हात हलवू नकोस रे," ताई म्हणाली.

"मी कुठे हलवतोय? तो आपला आपण हलतो," नाण्या म्हणाला आणि खोकायला लागला.

खोकल्याची उबळ जाईपर्यंत ताईने लोखंडी टोकाची लेखणी हवेत धरून ठेवली. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर रेघ चुकली की सगळा कागद वाया जातो. तिथे खोडरबराचं काही चालत नाही. तिचा धाकटा भाऊ खाटेवर उशांना टेकून बसला होता. दुपारचं ऊन हातावर पडावं म्हणून तिने खाट खिडकीशी सरकवली होती. त्याने डावा पंजा पुढे धरला होता आणि त्या पंजात एक नाणं होतं. समोरून बघणाऱ्याला ते दिसलं नसतं. ताई बाजूला बसली होती म्हणून तिला दिसत होतं, आणि जे दिसतं ते काढायचं हाच तिचा धंदा होता. नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून तिची हयात गेली होती. नदी वाकडी असेल तर वाकडी काढायची, सरळ करायला आपण कोण, असं ती नव्या मुलींना सांगायची. तिने नखं काढली, सांधे काढले, अनामिकेचा कोपरा काढला, नाण्याची कड काढली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा टाइपरायटरपुढे बसला होता, दोघांकडे पाठ करून. गेले दोन दिवस तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता. एरवी तिने काढलेला प्रत्येक हात तो भिंग लावून तपासायचा, अंगठा जरा खाली हवा, करंगळी फार ताठ झाली, असं सांगून तिला भंडावून सोडायचा. या वेळी तो चित्राकडे फिरकलासुद्धा नाही. तो टाइप करत होता तो अंक बावीस वर्षांपूर्वीचा होता. म्हणजे तसा तो असणार होता.

'अस्तर' हे मासिक तुम्ही पाहिलं नसणार. पाहिलं असतंत तर तुम्ही जादूगार असतात, किंवा जादूगाराच्या ट्रंकेत डोकावणारे आगाऊ. फक्त जादूगारांनी जादूगारांसाठी काढायचं, दुकानात ठेवायचं नाही, घरच्या पाहुण्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, अशी ही जात. अशी मासिकं याआधीही निघाली होती. एक शिंपी काढायचा. कोट शिवता शिवता त्याला सगळ्यांचे चोरखिसे ठाऊक झाले आणि त्याने ते छापायला घेतले. चौथ्या अंकानंतर त्याच्याकडे कोणी कोट टाकेना. एक शाळामास्तर काढायचा, त्यात जादूपेक्षा उपदेश जास्त. एका पठ्ठ्याने तर वर्षाची वर्गणी गोळा करून पहिल्या अंकानंतर स्वतःलाच गायब केलं, आणि ती त्याची सगळ्यात साधलेली जादू होती असं जुनी मंडळी म्हणतात. असली मासिकं संपादकाच्या हौसेवर सुरू होतात आणि त्याच्या बायकोच्या सहनशक्तीवर चालतात. अस्तर तीस वर्षं चाललं, यावरून काय ते समजा.

संपादक स्वतः पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. त्याला एकही जादू येत नव्हती. हाताला घाम यायचा, पत्ते चिकटायचे. पण त्याचा अंक कधी खोटं बोलला नाही, आणि या लोकांत त्याला फार किंमत होती. कारण जादूगारांचा एक अलिखित कायदा असतो: जादू ज्याच्या नावावर आधी छापली, त्याची. कोर्ट नाही, कचेरी नाही, फक्त तो चार पानांचा अंक आणि त्यावरचा महिना. छापलं की बाकीच्यांनी खुशाल करावी, पण करताना मूळ माणसाचं नाव घ्यावं. म्हणजे नाव मिळवायचं तर गुपित द्यायचं, आणि गुपित राखायचं तर नाव जाण्याची तयारी ठेवायची. कोणाला काय प्यारं ते ज्याचं त्याने ठरवावं.

नाण्याने गुपित राखलं होतं. लहानपणापासून हातात सदा नाणं खेळवायचा म्हणून पडलेलं हे नाव, आणि जादूगारांच्या मंडळाच्या यादीतही तेच. लग्नसमारंभ, शाळांची संमेलनं, वाढदिवस, जे मिळेल ते त्याने केलं. लग्न केलं नाही. "माझ्या खिशात काही राहत नाही, बायको कशी राहील?" असं म्हणायचा. एका संमेलनात घडीचं व्यासपीठ त्याच्या हातावर मिटलं आणि डाव्या हाताची अनामिका मोडली. ती पुढे कोपऱ्यासारखी वाकडीच राहिली. त्यालाही आता सात वर्षं होऊन गेली होती. दुसरा असता तर धंदा सोडून बसला असता. यानं महिनाभर रडून घेतलं आणि मग त्या कोपऱ्यातच नाणं लपवायला शिकला. दाजी, देवाने मला हाडाचाच खिसा शिवून दिला, असं तो मेहुण्याला हसत सांगायचा.

त्याची एकच जादू खरोखर त्याची होती. प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने ग्लासभर पाण्यात नाणं टाकायचं, ग्लास स्वतःच धरायचा. मग नाण्या तो ग्लास हातात घेऊन त्यातलं पाणी घोट घोट पिऊन टाकायचा. तळाशी काही नाही. आणि नाणं निघायचं त्याच प्रेक्षकाच्या दुसऱ्या मुठीत, ओलं. कसं, ते विचारू नका. संपादक दर वर्षी वर्धापन अंकात तिच्यासाठी पान राखायचा आणि दर वर्षी नाण्या म्हणायचा, "पुढच्या वर्षी, दाजी. बाकी सगळ्या उसन्या आहेत माझ्या. ही एकच घरची आहे."

मग एके दिवशी ती टीव्हीवर दिसली.

करणारा होता मोठा जादूगार. त्याचं नाव घ्यायची गरज नाही. प्रत्येक गल्लीत त्याचे फलक लागायचे. तीनेक वर्षांपूर्वी त्याने नाण्याला आपल्या कंपनीत एक हंगाम घेतलं होतं, मुख्य खेळाआधी लोकांना गुंतवून ठेवायला, आणि रोज पडद्याआडून त्याचं काम बघत उभा राहायचा. नाण्याला त्याचा अभिमान वाटायचा. आता तोच माणूस ग्लासातलं पाणी पीत होता, आणि पिऊन झाल्यावर म्हणाला, ही माझी स्वतःची, वीस वर्षांच्या साधनेची.

नाण्या तेव्हा बहिणीकडेच राहायला आला होता. फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्याला जे खावंसं वाटेल ते द्या, आणि हे वाक्य ज्याने एकदा ऐकलं त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाण्याने टीव्ही बंद करायला लावला.

"ताई," तो म्हणाला, "आता मी गेल्यावर लोक म्हणतील, नाण्या त्याची उचलून करायचा."

ताईला तेवढं पुरलं. जन्मभर दुसऱ्याची काडी न घेतलेला तिचा भाऊ चोर म्हणून मरणार होता. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने सुचवलं की या महिन्याच्या अंकात ती जादू नाण्याच्या नावाने छापू या. आता छापून काय उपयोग, ताई म्हणाली. आता छापली तर टीव्हीवरून उचलली असंच होणार. मग तिने जे मनात घोळत होतं ते बोलून टाकलं. माळ्यावर जुने कोरे कागद पडून होते, पिवळे पडलेले. मुखपृष्ठं तेव्हा गठ्ठ्याने छापून घेतली होती, वर महिना फक्त हाताने टाइप करायचा. आणि बावीस वर्षांपूर्वीच्या फाइलीत सातवा अंक नव्हता. सहाव्यानंतर एकदम आठवा. कोणाकडेच नव्हता, कारण तो निघालाच नव्हता.

 त्या महिन्यात ताई दवाखान्यात होती. मुलगी झाली होती आणि रडली नव्हती. पुढच्या अंकात संपादकाने त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, घरीही नंतर कोणी बोललं नाही, आणि पुन्हा मूल झालं नाही.

"तो अंक तिचा आहे," तो म्हणाला. "तो तसाच राहू दे."

"तिला तर नावही नव्हतं. ह्याला आहे. ह्याचं तरी राहू द्या."

"अहो पण खोटं आहे ते."

"जादू त्याची आहे की नाही?"

"आहे."

"तुम्ही डोळ्यांनी बघितली की नाही, ह्याच घरात, बावीस वर्षांपूर्वी?"

"बघितली."

"मग खोटं काय त्यात? तुम्ही तेव्हा छापायला हवं होतं, ते आता छापताय. एवढंच."

बायकोला 'अहो' म्हणायची वेळ त्याच्यावर क्वचित यायची, ती आली होती. तो उठला, माळ्याला शिडी लावली आणि कागद खाली काढले. त्यानंतर तो तिच्याकडे बघायचं टाळू लागला.

त्यांनी बारा प्रती काढल्या. ताईने त्या गच्चीत उन्हात पसरल्या, वर दगड ठेवले, संध्याकाळी झटकून आणल्या. एक प्रत नाण्याच्या हाती दिली. त्याने ती उलटसुलट केली, नाकाशी धरली, स्वतःचं नाव दोनदा वाचलं. चित्रातल्या हातावरून बोट फिरवलं आणि बहिणीला म्हणाला, किती हुबेहूब काढतेस गं. चित्र हुबेहूबच होतं. पाच दिवसांनी तो गेला. अंक त्याच्या उशाखाली होता. शेवटचे पाच दिवस तो नीट झोपला, हे ताईने सगळ्यांना सांगितलं. का झोपला ते नाही सांगितलं.

संपादकाने एक प्रत मंडळाच्या कपाटासाठी पाठवली आणि बाकीच्या जुन्या वर्गणीदारांना. सोबत दोन ओळी: आवराआवरीत न पाठवलेला एक गठ्ठा सापडला.

मंडळाची वार्षिक सभा एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायची. खालून पॉलिशचा वास येत राहायचा. त्या वर्षी मोठा जादूगार स्वतः आला होता, म्हणून खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्षांनी नाण्याला श्रद्धांजली वाहिली आणि मग घसा साफ करून सांगितलं की पाण्यातल्या नाण्याच्या जादूबाबत एक जुना छापील आधार पुढे आला आहे, तेव्हा तिचं श्रेय नाण्याचं म्हणून नोंदवावं. कोणाची हरकत?

ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, पदर मुठीत धरून. मोठा जादूगार हलला नाही. उभा राहिला तो चष्मेवाला. चष्म्याचं दुकान असलेला हा म्हातारा नाण्याचा जिवाभावाचा दोस्त, आणि अस्तरचा प्रत्येक अंक जपून ठेवणारा एकमेव माणूस. सातवा अंक मिळाला तेव्हा त्याने आनंदाने पेढे वाटल्यासारखी ही बातमी गावभर केली होती. आता त्याच्या हातात तोच अंक होता.

"ताई, मला माफ करा. मी आठ दिवस झोपलो नाही," तो म्हणाला. "ह्या चित्रातलं बोट वाकडं आहे. ते मोडलं तेव्हा माझ्याच स्कूटरवरून त्याला दवाखान्यात नेलं होतं मी. सात वर्षं झाली. बावीस नाही."

हॉलमध्ये कोणी तरी खुर्ची सरकवली. ताईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा अंकातल्या चित्राकडे बघत होता, पहिल्यांदाच. चित्र काढताना तिघं जण त्या खोलीत होते, तिघांचाही जन्म हात बघण्यात गेलेला, आणि एकालाही ते दिसलं नव्हतं. घरच्या माणसाचं व्यंग घरच्यांना दिसत नाही. सात वर्षं तो हात त्यांच्या लेखी तसाच होता, जन्मापासून तसाच असल्यासारखा.

संपादक उठायला लागला. ताईने त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"अंक खोटा आहे," ती म्हणाली. "मी काढायला लावला. ह्यांची इच्छा नव्हती. पण जादू त्याची आहे."

अध्यक्ष भला माणूस होता. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, जादू त्याची होती तर खोटा अंक कशाला लागला?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात तिला टीव्हीवरचा तो हात आठवला. ट्रेसरचा डोळा, एकदा बघितलेली रेघ त्यातून जात नाही. ती मोठ्या जादूगाराकडे वळली.

"तुमचं बोट सरळ आहे ना? मग ग्लास धरताना तुम्ही ते मुडपून का घेता? धडधाकट माणसाला त्याची गरज काय? त्याचं मोडल्यानंतर तुम्ही त्याला बघितलंत. त्याचं वाकडं बोटसुद्धा उचललंत तुम्ही."

क्षणभर सगळे मोठ्या जादूगाराच्या हाताकडे बघायला लागले. त्याने हात मांडीवर ठेवले होते. तो हसला, अगदी सौम्यपणे.

"ताईंनी आणखी एक जुना अंक काढलेला दिसतोय," तो म्हणाला.

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे. चष्मेवाला हसला नाही, तो खाली मान घालून बसला होता. ताईने जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं आणि ते सिद्ध करायला कोणालाही मोठ्या जादूगाराच्या खेळाची एक संध्याकाळ पुरली असती. पण खोट्या नाण्यांच्या पिशवीतून निघालेलं खरं नाणं कोण वाजवून बघतो? ठराव झाला: यापुढे अस्तर या मासिकाचा कोणताही अंक पुरावा म्हणून धरला जाणार नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून कबुतरवाला उठला. ऐंशीच्या पुढचा, आता कबुतरं पाळायला जागाही नसलेला.

"मग माझ्या रुमालाच्या खेळाचं काय?" त्याने विचारलं. "तो अस्तरमध्येच आहे. दुसरीकडे कुठेच नाही. लोक तो माझ्या नावाने करतात."

कोणी काही बोललं नाही. त्याला वाटलं आपलं ऐकू गेलं नसावं, म्हणून त्याने तेच पुन्हा मोठ्याने विचारलं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

घरी येताना संपादक तिच्या पुढे चार पावलं चालत होता. रागावला होता असं नाही. त्याला थांबायचं सुचलं नाही, इतकंच. ताईला रडू आलं ते कबुतरवाल्याच्या रुमालासाठी. भावासाठी रडायचा हक्क आपण घालवून बसलो, असं तिला वाटलं. तीस वर्षांत अस्तरमध्ये ज्यांची ज्यांची नावं छापली होती त्या सगळ्यांची ती एका चित्रात पुसून बसली होती. त्यातले बरेच मेले होते, आणि मेलेल्या माणसाला उठून आपलं नाव परत लिहिता येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी संपादकाने टाइपरायटरला मेणकागद लावला. चार पानांचा नाही, एकच. त्याने तो टाइप करून झाल्यावर तिच्यापुढे धरला. लिहिलं होतं की सातवा अंक खोटा आहे, तो संपादकाने तयार केला. बाकी सर्व अंक खरे आहेत, त्यांतल्या कोणाच्याही श्रेयावर कृपया संशय घेऊ नये. हा शेवटचा अंक. त्यात तिचा उल्लेख नव्हता. सगळं त्याने स्वतःवर घेतलं होतं.

ताईने तो दोनदा वाचला.

"एक ओळ राहिली," ती म्हणाली. "जादू नाण्याची होती म्हणून."

"नाही लिहिता येत."

"तुम्ही बघितलीय."

"बघितलीय गं." त्याने मेणकागदाकडे बोट केलं. "पण छापायला आधार लागतो. होता तो आपणच घालवला. आता मी लिहिलं तर बाकीचंही खोटं ठरेल सगळं. त्या म्हाताऱ्याचा रुमालसुद्धा."

ताईने वाद घातला नाही. तो बरोबर होता, आणि त्या बरोबरपणाचा तिला त्या क्षणी जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नव्हता. एका भावाच्या बदल्यात तीस वर्षांची माणसं, असा हिशेब होता, आणि कागद तिच्याच हातात होता. मेणाचा कागद, चुरगळायला एक क्षण पुरला असता. संपादक तिच्या हातांकडे बघत उभा होता. त्याने हात पुढे केला नाही, मागितलाही नाही.

"चित्र कुठे घेणार?" तिने शेवटी विचारलं.

"चित्र नाही ह्यात."

तिने मान हलवली. मेणकागद यंत्राच्या रुळावर ताणून बसवला, सुरकुती बोटाने बाहेर काढली, शाई घातली आणि दांडी फिरवायला लागली. एकेक कागद खाली पडत गेला. खिडकीतून रिकाम्या खाटेवर ऊन आलं होतं. थोड्या वेळाने संपादक म्हणाला, दमली असशील, दे मी फिरवतो. ती नको म्हणाली. सगळ्या प्रती तिनेच काढल्या, शाई वाळू दिली, मग दोघं जमिनीवर समोरासमोर बसली आणि कागदांच्या घड्या घालायला लागली.